‘पल्याड’चा दुसरा भाग

दिवाळीचे दिवे आवरले की चार दिवसांत आमच्याकडं कोरडी थंडी पडते. आधी नाकाच्या शेंड्याला कळते, मग गुडघ्यांना. ही थंडी खळ्याची. शेताचा एक कोपरा खुरपून, पाणी मारून, चोपून काढायचा, शेणानं सारवायचा, मधोमध लाकडाचा खांब रोवायचा आणि जवारीच्या कणसांवरून बैल गोल गोल फिरवायचे. सारवणाचा ओला वास, कडब्याचा गोड वास, कोंडा मानेत शिरून सुटणारी खाज. पंधरा-वीस दिवस माणूस घरी फक्त निजायला जायचा.

आता थंडी येते, पण तिला बसायला जागा नाही. जवारी कोणी पेरत नाही. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघून जाते, मशीन येते, धूर सोडते, अर्ध्या दिवसात शेत साफ. पोरं म्हणतात सोपं झालं. झालं असेल. मी धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभा राहून खळ्याच्या जागेकडं बघतो. तिथं हरभरा उगवून आला आहे, चांगला आहे. मला त्याचं काही कौतुक वाटत नाही.

यंदा दिवाळीला नात आली पुण्याहून. पल्लवी नाव. तिनं माझ्या खाटेवर तीन जाडजूड पुस्तकं ठेवली. आत सगळी चित्रं, चौकटी-चौकटीत, आणि माणसांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यांत अक्षरं. म्हणाली, “आबा, या लहान मुलांच्या नाहीत हं. मोठ्या माणसांसाठीच्या चित्रकथा आहेत. तिन्ही मालिकांचे पहिले भाग आणलेत. वाचा आणि मला सांगा, पुढं कोणती घेऊ.”

मी हो म्हणालो. ती गेली. दर रविवारी फोन करते, इकडचं तिकडचं विचारते आणि शेवटी हळूच, “आबा, ठरलं का?” मी म्हणतो डोळे दुखून राह्यले. डोळ्यांना काही झालेलं नाही. दोन्हींची ऑपरेशनं झाली आहेत, धुऱ्यावरचा सरडा दिसतो मला. पण तिला वाटते मोठ्यांच्या चित्रकथा पुण्यात परवा निघाल्या, आणि आबाला त्यातलं काय कळते, चार दिवस करमणूक होईल म्हातारबाची. पोरी, तुझा बाप पाळण्यात नव्हता तेव्हा मी हेच काम करत होतो. पुढं कोणती मालिका घ्यायची ते पाच गावच्या माणसांत मला विचारत. पाच गावच्या नसेल. आमच्या खळ्यावरच्या तरी.

राज्य नवं होतं तेव्हा. मुंबईचं सरकार म्हणजे काय ते आमच्याकडं अजून नीट पोचलं नव्हतं, पण एस.टी. पोचली होती आणि बीबी गावच्या बाजारात एक बुकवाला पोचला होता. जालन्याकडचा माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मिरच्यांच्या ढिगाच्या बाजूला तरटावर त्याची पुस्तकं. वर देवादिकांची, राजाराणीची. तरटाच्या खाली, हात घालून काढावी लागत अशी, मोठ्यांची. लेकरांच्या हाती लागू नये म्हणून खाली ठेवतो म्हणायचा. महादू, माझा चुलतभाऊ, हे ऐकून लगोलग माझ्यामागं बाजाराला आला होता. तिथंच उकिडवा बसून त्यानं दोन पुस्तकं पानन् पान उलटून पाहिली आणि तोंड पाडून म्हणाला, “यात तं बाया चहाच करून राह्यल्या बे. हे कायले लपवून ठेवते?”

बुकवाल्याची रीत चांगली होती. तीन मालिकांचे पहिले भाग एकदम द्यायचा. पंधरा दिवसांनी दोन परत करायचे, एक निवडायची, त्या एकीचे पुढचे भाग मिळत. ती संपली की पुन्हा तीन. म्हणजे दोन गोष्टी कायमच्या सोडून द्यायच्या, तेव्हा एक हाती लागणार. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. जवान होतो. सोडून दिलेल्या गोष्टीचं पुढं काय झालं हा विचार जवान माणूस करत नाही.

खळ्यावर निवड व्हायची ती शेंगांनी. दुपारच्या भाकरीनंतर, बैल सावलीला सोडले की तिन्ही पुस्तकं सारवलेल्या जमिनीवर मांडायची. महादू, संपत, यादवकाका आणि मी. संपतची बैलजोडी असायची मळणीला, आणि यादवकाका आमच्या सगळ्यांत म्हातारे, तोंडात दोन दात. प्रत्येकाला भुईमुगाची एक शेंग. ज्याला जी मालिका पुढं हवी तिच्यावर शेंग ठेवायची. एकदा ठेवली की उचलायची नाही. समसमान झालं तर वाचणाऱ्याची शेंग भारी, आणि वाचणारा मी. यादवकाका दरवेळी शेंग ठेवून, निवड व्हायच्या आत ती फोडून खाऊन टाकायचे. मग भांडण. संपत म्हणायचा टरफल मोजू नका. काका म्हणायचे टरफल माझंच आहे.

वाचणारा मी, असं आत्ता लिहून गेलो. हेच आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी दुसरी पास. तिसरीत मास्तरनं कान पिळला, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि परत गेलो नाही. बापानं मारलं तरी गेलो नाही. अक्षरं एकेक ओळखू यायची, जोडाक्षर आलं की गाडी रुतायची. नावाची सही मात्र फर्डी होती, शेपूट ओढून करायचो, त्यामुळं गावात मी शिकलेल्यांत जमा. ते मला आवडत होतं. कोणी कागद आणला की मी तो हातात धरून, कपाळाला आठ्या घालून, ‘उद्या सांगतो’ म्हणायचो.

उद्या सांगायचो ते माझ्या बायकोकडून वाचून घेऊन.

तिचं नाव गिरजा. जन्मात कधी हाक मारली नाही मी तिला नावानं, तिनंही मला नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती. जानेफळची. चौथी पास. हे मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं, सोयरिकीत मुलीचं शिक्षण सांगायची गोष्ट नव्हती तेव्हा. मला कळलं ते लोणारच्या स्टँडवर. लग्नानंतर पहिल्यांदा तिला माहेरी न्यायला निघालो होतो. एक गाडी लागली, मी पाटीकडं बघितल्यासारखं केलं आणि छाती पुढं काढून पायरीवर पाय ठेवला. मागून उपरण्याचं टोक ओढलं गेलं. डोईवरचा पदर न हलवता ती हळूच म्हणाली, “अवो, ही चिखलीची हाय.”

मी पाय खाली घेतला. दुसऱ्या गाडीत बसल्यावर मी खिडकीतून बाहेर बघत राह्यलो आणि ती खाली मान घालून गालात हसत होती. तिनं ते कधी कोणाला सांगितलं नाही. म्हणून मी पुस्तकं घरी आणायला लागलो.

दिवस मावळताना ती चुलीपुढं बसायची. मी पाटावर. परातीला टेकवून पुस्तक उघडं. भाकरी थापता थापता ती वाचायची, अगदी हळू, ओसरीवरच्या माझ्या आईला ऐकू जाऊ नये एवढं. दरोडेखोराला वेगळा आवाज, शिपायाला वेगळा. बाई रडत असली तर नुसती थांबायची, रडायची नाही. चित्रावर बोट ठेवून सांगायची, हा बघा, याच्या हातात काय आहे, मागच्या पानात नव्हतं. मी सगळं पाठ करायचो. दुसऱ्या दिवशी खळ्यावर पुस्तक धरून तेच बोलायचो, तिच्याच थांब्यांसकट. महादू तोंड उघडं टाकून ऐकायचा. पानांच्या कोपऱ्यांना पीठ लागलेलं असायचं. एकदा त्यानं विचारलं, “भाऊ, तुह्या पुस्तकाले पीठ कसं लागते बे?” मी म्हणालो जेवता जेवता वाचतो. तो म्हणाला याला म्हणतात विद्या.

मोठ्यांची चित्रकथा म्हणजे काय, हे मी बुकवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ज्यात मारामारी खरी असते. गिरजाला विचारलं तर तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, “ज्याच्यात चूक कोनाची ते सांगत न्हाईत.” मी हसलो होतो. आता पल्लवीनं ठेवलेल्या तिन्ही पुस्तकांना मी तेच माप लावून बघतो. एकात पहिल्याच पानावर कळते वाईट माणूस कोण. ते लेकरांचं आहे, वर काही लिहिलेलं असो.

त्या खळ्याच्या हंगामात तीन पहिले भाग आले होते. एक ‘घाटातला वाटाड्या’, दरोडेखोरांना वाट दाखवणाऱ्या माणसाचं. दुसरं ‘बंद सिग्नल’, टेसनमास्तरच्या खोलीत मेलेला माणूस सापडतो त्याचं. तिसरं ‘पल्याड’. त्यात एक बाई. घर आहे, नवरा आहे, तो मारत नाही, दारू पीत नाही, काही नाही. नुसता तिच्याकडं बघत नाही. पानांमागून पानं ती पाणी भरते, चूल पेटवते, आणि कोणत्याच चौकटीत नवऱ्याचं तोंड तिच्याकडं वळलेलं नाही. शेवटच्या पानावर ती एक गाठोडं घेऊन फाट्यावर उभी. लांबून गाडीचा धुराळा येऊन राह्यलेला. तिचा हात अर्धा वर गेलेला. तिथं पहिला भाग संपला.

ते वाचून झालं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली. असं कधी झालं नव्हतं. तिनं ती बाजूला ठेवली, दुसरी थापायला घेतली आणि म्हणाली, “हे पुढं घ्या अवो. तिनं गाडीले हात केला का पदर सारखा केला, तेवढं पाह्यचं हाय मले.” मी काही बोललो नाही. ती पुन्हा म्हणाली, “लग्न झाल्यापासून काही मांगलं न्हाई. एवढं एक मांगते.”

माझ्या गप्प बसण्याला तिनं हो समजलं. तसं समजावं असाच मी गप्प बसलो होतो.

शेंगा ठेवायच्या दिवशी महादूनं वाटाड्यावर ठेवली, संपतनं सिग्नलवर, यादवकाकांनी वाटाड्यावर ठेवून खाल्ली. टरफलाचं भांडण झालं. काकांची धरली तर वाटाड्या पुढं, नाही धरली तर समसमान. माझी शेंग राह्यली. मी ‘पल्याड’वर ठेवली असती तरी ती एकटीच पडली असती हे खरं. पण वाचणाऱ्याची शेंग भारी असते, आणि मी आग्रह धरला असता तर कोणी नाही म्हणालं नसतं. मी शेंग हातात धरून उभा होतो. महादू म्हणाला, “बाईच्या रडगाण्यावर ठेवतो का काय बे? वहिनीचा हुकूम हाय वाटते.” सगळे हसले. मी शेंग वाटाड्यावर ठेवली. एवढंच. चिमटीतून सुटायला एक शेंग ती, किती वेळ लागतो.

घरी सांगितलं, खळ्यावर तसं ठरलं. तिनं पुस्तकं फडक्यात बांधून दिली, दोन परत करायची. ‘पल्याड’ सगळ्यात खाली घातलं तिनं, कोपरे नीट करून.

वाटाड्याचा दुसरा भाग मी आणला त्याच दिवशी जानेफळहून निरोप आला की तिची आई पडली. गिरजा चार दिवसांसाठी गेली. इकडं खळ्यावर माणसं दुसऱ्या भागासाठी अडून बसलेली. मी दोन दिवस टोलवलं. तिसऱ्या दिवशी महादू म्हणाला, भाऊ, अक्षरं रुसली का काय तुझ्यावर. झालं. मी पुस्तक उघडलं. म्हटलं चित्रं तर आहेत, चित्रांना काय जोडाक्षर लागते.

आता माझी चूक झाली ती कशी, ते नीट सांगतो. शाळेत मी शिकलो ते पाढे. पाढ्यांचं पुस्तक उभं वाचतात. दोनाचा पाढा वरून खाली, तो संपला की शेजारचा तिनाचा, पुन्हा वरून खाली. रकाने पडलेला कागद मी जन्मात दुसरा पाहिला नव्हता. गिरजाच्या बोटाकडं मी कधी लक्ष दिलं नव्हतं, मी तिच्या तोंडाकडं बघायचो. म्हणून मी चौकटीही उभ्या वाचल्या. डावीकडच्या तीन वरून खाली, मग उजवीकडच्या तीन वरून खाली.

त्या पानावर डावीकडं वर वाटाड्या भाकर खात बसलेला. त्याच्या खाली एक हात, बंदूक, धूर. त्याच्या खाली चार माणसं मढं उचलून नेतात. मी तसं सांगितलं. मग उजवीकडं वर गेलो, तर शिपाई येऊन राह्यलेला. त्याच्या खाली वाटाड्या कोसळतो. त्याच्या खाली सरण. संपत म्हणाला, “थांब. मेला, उचलून नेला, मंग पुन्हा उठून पडला कसा?”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण मी डगमगणारा नाही. मी म्हणालो, “भूत हाय ते.”

यादवकाकांनी मान डोलावली. घाटात असतात म्हणाले, आपण पाह्यलं आहे. महादू सरकून जवळ बसला. मग माझी गाडी अशी सुटली, म्हणता सोय नाही. पान उलटेल तसा वाटाड्या मरत होता आणि उठत होता, नदीच्या या काठाला बुडत होता आणि त्या काठाला जेवत होता. तिच्या वाचण्याला कधी रंगले नव्हते इतके रंगले होते गडी. मला वाटलं, अरे, मला तर येते.

तेवढ्यात गिरजा आली. जानेफळहून, आईला बरं वाटलं म्हणून एक दिवस आधीच. घरून भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन तशीच खळ्यावर आलेली. तोंडावर उन्हाचा लाल रंग, आनंदात होती. पाटी उतरवून ती माझ्या मागं उभी राह्यली आणि मी सांगतो ते तिनं ऐकलं. आधी ती पदरात हसली. मग तिच्या तोंडून ते निसटून गेलं. चुलीपुढं बोलायची तसंच, सहज, वाकून, चौकटीवर बोट ठेवून.

“अवो, तसं न्हाई. आडवं पाहा. आधी हा शिपाई येते, मंग गोळी सुटते, मंग हा पडते. मेल्यावर कोनी उठत न्हाई.”

बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली. महादूनं तिच्याकडं पाहिलं, मग पुस्तकाच्या, या वेळी पीठ न लागलेल्या, कोपऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याच्या तोंडावर हसू फुटायला लागलं होतं. तो म्हणाला, “वहिनी, तुमाले वाचता येते?”

तिनं तोंड उघडलं होतं. तिच्याआधी मी बोललो.

“हिले काय येते? अंगठाबहाद्दर हाय ही. चित्र पाहून बडबडून राह्यली. चाल, भाकर वाढ.”

सगळे हसले, माझ्या बाजूनं. माझं गावातलं नाव जागेवर राह्यलं. गिरजानं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. “हो,” म्हणाली, “मले काय येते.” आणि तिनं भाकरी वाढल्या. प्रत्येकाला, मलाही. भाकरीवर ठेचा, ठेच्यावर तेल. तेलाचा एक थेंब सांडला नाही तिनं. ते मी पाहिलं होतं.

संध्याकाळी मी चुलीपुढं पुस्तक ठेवलं. म्हटलं वाच. तिनं परात पुढं ओढली.

“मले वाचता येत न्हाई.”

मला वाटलं दोन दिवसांचा राग. बायका धरतात राग. दोन दिवसांनी पुन्हा ठेवलं, तिनं पुस्तकाकडं पाहिलंही नाही, जसं काही तिथं जळणाचं लाकूड पडलं आहे. मीही मी आहे. म्हटलं किती दिवस चालते बघू. बुकवाला यायचा बंद झाला असं खळ्यावर सांगून टाकलं. यादवकाका मरेपर्यंत भेटेल तिथं विचारायचे, त्या भुताचं पुढं काय झालं बापा. मी काही तरी सांगायचो.

मग एकदा सरकारी माणूस गावात आला, नावं लिहायला. ओसरीवर कागद पसरून बसला. मी माझी शेपटीवाली सही केली. त्यानं गिरजाला विचारलं, सही येते का. ती दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. अंगठा पुढं केला. शाई लागलेला अंगठा तिनं भिंतीला पुसला, तो डाग पुढं कितीतरी दिवस सारवणाखालून वर यायचा. मी तेव्हा एक शब्द बोलू शकलो असतो. सरकारी माणूस परका होता, उठून गेला असता, गावात कोणाला कळलं नसतं. मी नाही बोललो. काऊन नाही बोललो ते मी आजवर शोधून राह्यलो. मला अजून वाटते की तिनं एकदा तरी मागं वळून बघायला पाहिजे होतं. हे लिहितानाही वाटते. असा माणूस आहे मी.

पुढं पंचावन्न वर्षं. रेशनच्या कागदावर अंगठा, मतदानाला अंगठा, पोराच्या शाळेत अंगठा, बँकेत अंगठा. एस.टी. स्टँडवर ती शेजारच्या बाईला विचारायची, ही कुठली गाडी हो बाई. पाटी गाडीच्या डोक्यावर लावलेली, अक्षरं हाताएवढी, आणि ती त्यांच्याकडं पाठ करून उभी. एकदा मी तिची परीक्षा बघितली. जानेफळला लग्न होतं. एक गाडी लागली, मी जाणून काही न विचारता चढलो. मनात म्हटलं, उपरणं ओढेल. ती माझ्यामागं चढली, शेजारी बसली, मांडीवर आहेराची पिशवी. कंडक्टरनं तिकीट फाडताना सांगितलं तेव्हा गाडी पाच कोस भलतीकडं गेली होती. उन्हात फाट्यावर उतरलो. हळद हुकली. वाटभर ती चिडली नाही, नेहमीसारखी चालत होती, माझ्यापेक्षा दोन पावलं मागं.

पोरगी शाळेत जायला लागली. पाटी घेऊन आईकडं गेली तर आई म्हणाली, मला कुठं येते माय, बापाला विचार. पोरगी माझ्याकडं आली. जोडाक्षर पुढं. त्या वेळी मी कुठं पळणार होतो. रात्रीची शाळा, मास्तर असलं काही नाही, पोरीच्या पुस्तकातून चाळिशीच्या वयात मी शिकलो, शेळ्या चारताना, धुऱ्यावर काडीनं मातीत लिहून. रागानं शिकलो. आज पेपर वाचतो, सातबारा वाचतो, हे लिहितो आहे. घरातलं वाचणारं माणूस गप्प झालं म्हणून मला वाचता आलं. लोक म्हणतात आबांची जिद्द. मी ऐकून घेतो.

वाचता यायला लागल्यावर मी ‘पल्याड’ शोधलं. कोणाला न सांगता. लोणारला, मेहकरला, जालन्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. बुकवाला मरून गेला होता. त्याच्या गावी गेलो तर त्याच्या सुनेनं सांगितलं, रद्दीत घातली सगळी, वाणसामानाला पुड्या झाल्या. ‘पल्याड’चा दुसरा भाग निघाला होता की नाही हेही कोणाला सांगता आलं नाही. निघालाही नसेल. पहिल्या भागावरच बंद पडतात कितीतरी. मग एका दुपारी ती अंगणात तूर पाखडत होती, मी ओसरीवर, घरात दुसरं कोणी नाही. मी म्हणालो, “त्या बाईनं गाडीले हात केला. बसली ती गाडीत.”

सूप थांबलं. मला वाटलं आता वळेल. ती म्हणाली, “कोनती बाई?”

आणि पाखडायला लागली. तिला आठवत होतं हे मला तिच्या पाठीवरून कळलं. खरंच विसरली असती तर बरं झालं असतं.

माफी मागता आली असती, असं पल्लवीसारखी माणसं म्हणतील. आमच्या वेळी नवरे मागत नव्हते, हे मी स्वतःशी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. पण खळ्यावर चार माणसांत बोललो होतो ते मी. चुलीपुढं एकट्यात मागितलेली माफी तिच्या काय कामाची होती. ती चार माणसांत मागायला पाहिजे होती, आणि खळ्यावरचे ते तिघंही एकेक करून निघून गेले. महादूला पोचवून आलो त्या दिवशी मला उमगलं की आता सांगायचं म्हटलं तरी ऐकणारं कोणी उरलं नाही. घरी आलो. तिनं अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन ठरलं. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन थेट खाटेवर. नर्स कागद घेऊन आली, तरुण पोरगी, घाईत. एका हातात पेन, एका हातात शाईचा डबा. विचारलं, “आजी, सही येते का अंगठा देता?”

मी उठून उभा राह्यलो. आजूबाजूला सहा खाटा, त्यांची माणसं, आमची पोरगी, सून. मी मोठ्यानं म्हणालो, “सही येते तिले. चौथी पास हाय ती. मले वाचून दाखवायची.”

पोरगी माझ्याकडं बघत राह्यली. नर्सनं डबा खाली ठेवला आणि पेन गिरजाच्या हातात दिला. तिनं तो धरला. तीन बोटांत, जसा धरतात तसा, सराव असलेल्या माणसासारखा. पंचावन्न वर्षांनी. पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, पुष्कळ वेळ, रागानं नाही. मग पेन चादरीवर ठेवून दिला आणि नर्सला म्हणाली, “यांचं वय झालं आता बाई, काहीबी बोलतेत. मले लिवता येत न्हाई.” आणि अंगठा पुढं केला.

ती ऑपरेशनमधून परत आली नाही. पण ते नंतर. आधी नर्सनं तो कागद माझ्यापुढं धरला आणि अंगठ्याच्या खालच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, इथं तुमची लागेल. रकान्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी ते वाचलं, एका दमात, एकाही जोडाक्षराला न अडता: रुग्ण निरक्षर असल्यास साक्षीदाराची सही.

मी सही केली.